जांभळ्या टोपणाच्या नळीतले तीन महिने

सकाळी सात वाजता लॅबचं शटर वर जातं तेव्हा बाहेरच्या बाकावर चार-पाच जण आधीच बसलेले असतात. मी गोव्यात, फोंड्यातल्या एका लॅबमध्ये रक्त काढते, त्याला आता अठरा वर्षं झाली. दंडाला पट्टा बांधताना रोज एकदा तरी कोणीतरी म्हणतं, ‘बाय, तीन दिवस गोडाला हात लावला नाही, रात्रीचा भातसुद्धा सोडला. आता शुगर बरी येईल ना?’

समोरच्या माणसाच्या दोन नळ्या भरायच्या असतात, एक राखाडी टोपणाची आणि एक जांभळ्या टोपणाची. राखाडी नळीतून त्या घटकेची शुगर कळते आणि तीन दिवसांच्या पथ्याने ती खरोखरच खाली येते. जांभळ्या नळीतलं रक्त त्या तीन दिवसांच्या मागचंही सगळं सांगतं. या दुसऱ्या तपासणीला कागदावर एचबीएवनसी (HbA1c) म्हणतात आणि बाकावर बसलेली माणसं ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. लोकांनी दिलेलं नाव चांगलंच आहे. पण तीन महिने कुठून आले, आणि हा आकडा कधी चुकीचा निघतो, हे फार थोड्यांना कोणी सांगितलेलं असतं.

गोव्यात हे सांगणं निकडीचं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर देशभर झालेल्या मधुमेहाच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात वीस वर्षांवरच्या १ लाख १३ हजार लोकांची तपासणी झाली होती. देशाचा आकडा ११.४ टक्के आला, गोव्याचा २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. जेवायला बसलेल्या चार मोठ्या माणसांत एकाला. आमच्याकडे घरात कोकणी, देवळातलं कीर्तन आणि सकाळचं वर्तमानपत्र मराठीत, आणि रिपोर्ट तेवढा इंग्रजीत. ज्याचं रक्त, त्यालाच तो कागद वाचता येत नाही, हे मला मनापासून लागतं.

तर आधी रक्तात काय घडतं ते पाहू.

रक्ताला लाल रंग देणारं प्रथिन म्हणजे हिमोग्लोबिन. ते तांबड्या पेशींमध्ये भरलेलं असतं आणि फुप्फुसातला प्राणवायू अंगभर पोचवतं. त्याच रक्तात साखर, म्हणजे ग्लुकोज, फिरत असते. ती तांबड्या पेशींत सहज शिरते. साखर आणि प्रथिन एकमेकांच्या सहवासात राहिली की हळूहळू चिकटतात. त्यासाठी शरीराला मुद्दाम काही करावं लागत नाही, ते आपसूक होतं.

हे आपण रोज पाहतो, फक्त दुसरीकडे. पोदेराच्या, म्हणजे आमच्याकडच्या पाववाल्याच्या, भट्टीतून निघालेल्या उंड्याची, त्या गोल पावाची, पाठ तांबूस का होते? पिठातली साखर आणि पिठातलं प्रथिन तापून एकमेकांना धरतात म्हणून. लुई कामिय माईयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली ही क्रिया मांडली. भट्टीत जे काही मिनिटांत होतं, त्याचीच पहिली पायरी आपल्या रक्तात ३७ अंशांच्या उबेवर दिवसेंदिवस चढली जाते. सुरुवातीला साखर सैल चिकटते आणि सुटूही शकते. थोडा काळ गेला की ती पक्की बसते, आणि मग ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही.

तांबडी पेशी जगते सुमारे १२० दिवस. हाडांच्या मगजात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी तयार होत असतात आणि जवळपास तितक्याच जुन्या पेशी प्लीहेत आणि यकृतात मोडल्या जातात. म्हणून मी काढलेल्या दोन मिलिलिटर रक्तात काल जन्मलेली पेशी असते, महिन्याची असते आणि चार महिने फिरून थकलेलीही असते. जी जास्त दिवस जगली, तिच्या हिमोग्लोबिनला साखर जास्त लागलेली. ज्या माणसाच्या रक्तात साखर जास्त, त्याच्या सगळ्याच पेशींना ती भराभर लागलेली. एचबीएवनसी एवढंच मोजतं, की शंभर भाग हिमोग्लोबिनपैकी किती भागांना ही साखर पक्की चिकटली आहे.

म्हणून ‘सात टक्के’ आले म्हणजे रक्तात सात टक्के साखर आहे, असं नव्हे. हा गैरसमज मी इतक्या वेळा ऐकला आहे की कागद हातात देतानाच सांगते. शंभरातल्या सात हिमोग्लोबिनला साखर लागली आहे, बस्स. ज्याला मधुमेह नाही त्याच्यातही पाचाच्या आसपास असतातच. शून्य कोणाचंच येत नाही.

मोजणी कशी होते, हे एकदा तरी पाहण्यासारखं आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीत आतून एक रसायन लावलेलं असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. रक्त भरल्यावर ती नळी आठ-दहा वेळा सावकाश उलटीसुलटी करायची, जोरात हलवायची नाही, नाहीतर पेशी फुटतात. मशीन त्यातलं थेंबभर रक्त घेतं, पेशी फोडतं आणि आतलं हिमोग्लोबिन एका बारीक, आत दाणे भरलेल्या नळकांडीतून दाबाने पुढे ढकलतं. साखर लागलेल्या हिमोग्लोबिनवरचा विद्युतभार थोडा वेगळा असतो. त्यामुळे ते आधी बाहेर पडतं, बाकीचं मागून येतं. पडद्यावर त्याचा आलेख उमटतो, आधी लहान लहान उंचवटे, मग एवनसीचा उंचवटा, आणि शेवटी साध्या हिमोग्लोबिनचा उंच सुळका. एवनसीच्या उंचवट्याखाली किती जागा आहे, त्यावरून टक्के निघतात. दोन-तीन मिनिटांचं काम. सगळ्याच लॅबमध्ये हे मशीन नसतं, काही ठिकाणी दुसऱ्या रासायनिक पद्धतीने मोजतात आणि तीही चालते. पण प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये तपासलं तर आकड्यांची तुलना सरळ होते. ०.२ चा फरक मोजणीतलाच असू शकतो. सात पूर्णांक एकवरून सहा पूर्णांक नऊ झालं म्हणून पेढे वाटू नयेत, आणि उलट झालं म्हणून रात्रभर जागूही नये. अर्ध्या टक्क्याचा फरक मात्र खरा धरावा.

आता त्या तीन दिवसांच्या पथ्याकडे येऊ. तीन महिन्यांचा हिशेब आहे, पण तिन्ही महिन्यांचं वजन सारखं नाही. या घडीला रक्तात असलेल्या सगळ्याच पेशींनी गेला महिना पाहिलेला नाही, पण बहुतेकींनी पाहिला आहे. तीन महिन्यांपूर्वीच्या दिवसांच्या साक्षीदार असलेल्या पेशी थोड्याच उरल्या आहेत. त्यामुळे ढोबळमानाने आकड्याचा निम्मा भाग शेवटच्या तीस दिवसांतून येतो, त्याआधीच्या महिन्यातून पाव आणि उरलेला पाव त्याच्याही मागून.

यावरून एक साधं गणित मांडता येतं. समजा, कोणाची शुगर एरवी दिवसभराच्या सरासरीने २०० असते आणि तपासणीआधी तीन दिवस पथ्य करून त्याने ती १३० वर आणली. तीस दिवसांतले तीन, त्याचं निम्मं, म्हणजे सगळ्या हिशेबात पाच टक्क्यांचा वाटा. सत्तरचे पाच टक्के साडेतीन. एचबीएवनसीत फरक पडला फार तर ०.१ चा. राखाडी नळीतला आकडा मात्र चांगला दिसेल, घरचे खूश होतील, आणि डॉक्टरांच्या हातात चुकीचं चित्र जाईल.

हेच गणित उलट दिशेने केलं की मनावरचं ओझं उतरतं. चवथीला पाच दिवस गणपती, घरात नेवऱ्यांचे डबे, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, दुपारी खतखते आणि वर मणगणे. माणसं मग महिनाभर तपासणी पुढे ढकलतात. त्या पाच दिवसांत सरासरी शुगर दीडशेवरून २२० वर गेली असं धरलं, आणि तपासणी त्याच महिन्यात केली, तरी फरक सुमारे ०.२ चाच पडतो. चवथीने कोणाचा आकडा सातावरून नऊवर जात नाही. तो जातो रोजच्या ताटामुळे, चालणं बंद झाल्यामुळे, चुकलेल्या गोळ्यांमुळे. तेव्हा सण झाला म्हणून तपासणी टाळू नका. त्या दिवसांत मात्र गोळ्या वेळेवर घ्या आणि सोसेल तेवढंच खा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

या तपासणीला उपाशी यावं लागत नाही, हेही सांगून ठेवते. सकाळची पेज खाऊन आलात तरी चालतं, संध्याकाळी आलात तरी चालतं. राखाडी नळीसाठी मात्र आठ-दहा तास उपाशी राहावं लागतं. राखाडी नळीत फ्लोराइड असतं, कारण रक्त शरीराबाहेर आल्यावरही त्यातल्या पेशी साखर खात राहतात. साध्या नळीत ठेवलं तर तासाला पाच-सात टक्के साखर त्या फस्त करतात आणि रिपोर्ट फुकटच चांगला येतो.

कागदावरच्या सीमा अशा: ५.७ च्या खाली असेल तर ठीक. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह. पण काही त्रास नसताना एकदाच ६.५ आलं, तर पुन्हा तपासून किंवा उपाशीपोटीच्या शुगरशी ताडून मगच निदान करायचं असतं. उपाशीपोटी १०० च्या खाली ठीक आणि १२६ आणि वर मधुमेह, हे त्या बाजूचे आकडे. एका कागदावरून कोणीही स्वतःला मधुमेही ठरवू नये आणि शेजाऱ्याच्या गोळ्या तर मुळीच चालू करू नयेत.

एकदा शेजारच्या बाई धावत आल्या. मुलगा इंग्लंडला, त्याचा रिपोर्ट फोनवर आलेला, त्यात एचबीएवनसी ४१. त्यांचे हात थरथरत होते. तिकडे हीच तपासणी दुसऱ्या मापात लिहितात, हजारात किती अशा हिशेबाने. त्या मापातले ४८ म्हणजे आपले ६.५, आणि ५३ म्हणजे ७. त्यांच्या मुलाचे ४१ म्हणजे आपले ५.९. उंबरठ्यावर होता, लक्ष द्यायला हवं होतं, पण घाबरण्यासारखं नव्हतं. गोव्यातल्या इतक्या घरांतली मुलं बाहेर आहेत की हे दोन्ही आकडे घरोघरी माहीत असायला हवेत.

मधुमेह असलेल्यांना बहुतेक वेळा ‘सातच्या खाली ठेवा’ असं सांगतात. हा सात आला कुठून? तेहरानमध्ये सॅम्युएल राहबर या डॉक्टरांनी १९६८ साली रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार तपासताना पाहिलं, की मधुमेह असलेल्या रुग्णांच्या रक्तात एक वेगळी पट्टी दिसते आहे. तिथून ही तपासणी सुरू झाली. पुढे अमेरिका आणि कॅनडात १,४४१ टाइप वन, म्हणजे इन्सुलिन घ्यावंच लागणाऱ्या, मधुमेही रुग्णांवर दहा वर्षं अभ्यास झाला आणि १९९३ साली निष्कर्ष आले. ज्यांचं एचबीएवनसी सातच्या आसपास ठेवलं, त्यांच्यात डोळ्यांचा आजार सुरू होण्याचा धोका नऊच्या आसपास असलेल्यांपेक्षा ७६ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंड आणि नसांचे त्रासही खूप घटले. टाइप टूबद्दल, म्हणजे मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाबद्दल, ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाने १९९८ साली हेच दाखवलं. म्हणजे हा आकडा दृष्टी आणि मूत्रपिंड यांच्याशी बांधलेला आहे. तरी सात सगळ्यांना एकच नव्हे. ऐंशीच्या आजोबांना, ज्यांची शुगर रात्री अचानक उतरून घाम फुटतो, डॉक्टर आठपर्यंत सूट देतात. तिथे शुगर जास्त असण्यापेक्षा ती उतरणं जास्त धोक्याचं.

रिपोर्टवर खाली आणखी एक ओळ असते, सरासरी शुगर १५४ वगैरे. ती कोणी मोजलेली नसते. एचबीएवनसीला २८.७ ने गुणून ४६.७ वजा केले की ती निघते. सातचे १५४, आठचे १८३, नऊचे २१२. सरासरीत चढउतार बुडून जातात. एकाची शुगर दिवसभर १३० ते १८० मध्ये फिरते. दुसऱ्याची पहाटे ६० वर उतरते आणि जेवणानंतर २८० वर चढते. दोघांचाही आकडा सातच येऊ शकतो. म्हणून चक्कर येत असेल, रात्री घाम फुटत असेल, तर ‘सात आहे, सगळं ठीक’ म्हणून गप्प बसू नका. बोट टोचून त्या क्षणीची शुगर पाहा आणि वेळेसकट लिहून ठेवा.

आता मला सर्वांत जास्त जे सांगायचं आहे, ते.

सत्तरी तालुक्यातल्या एका गावची आजी लेकीकडे फोंड्याला राहायला आली होती. चालताना धाप लागते म्हणून कुठेतरी तपासण्या केल्या होत्या. एचबीएवनसी ६.८. ‘तुम्हाला डायबिटीस आहे’ असं सांगून गोळ्यांची चिठ्ठी हातात दिलेली. आजीने भीतीने भात सोडला, पेज सोडली, दिवसभर दोन नाचणीच्या भाकऱ्यांवर काढू लागली. दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या लिहून दिल्या म्हणून ती आमच्याकडे आली. मी पट्टा बांधला आणि आधी तिच्या नखांकडे पाहिलं. पांढरीफटक, आणि मधे किंचित खोलगट. जुना कागद मागितला. हिमोग्लोबिन ८.४, म्हणजे रक्त बरंच कमी. दोन्ही आकडे एकाच कागदावर होते, एक पान उलटण्याइतकं अंतर मधे.

लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात. रक्तात फिरणाऱ्या पेशींत जुन्यांचं प्रमाण वाढतं. जुन्या पेशींना साखर जास्त दिवस लागत आलेली. म्हणजे साखर तेवढीच असताना एचबीएवनसी चढून दिसतं. बी-ट्वेल्व्ह कमी असेल तरी असंच होतं. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत निम्म्याहून अधिक, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५७ टक्के, बायकांचं रक्त कमी आढळलं. तेव्हा ही काही विरळा भानगड नव्हे. बाईमाणसाचं एचबीएवनसी वाचायचं तर शेजारी हिमोग्लोबिन ठेवूनच वाचायला हवं.

उलटही होतं, आणि ते जास्त फसवं. पेशी लवकर मरत असतील किंवा रक्त नवं भरलेलं असेल, तर साखर लागायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा खाली येतो. रक्त चढवल्यानंतर, मोठा रक्तस्राव झाल्यावर, डायलिसिसवर असताना, सिकलसेल किंवा पेशी फुटण्याच्या आजारांत असं होतं. अशा माणसाचं ५.८ पाहून निर्धास्त होणं चूक ठरेल. गरोदरपणातही नव्या पेशी भराभर तयार होतात, म्हणून गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी देऊन दोन तासांनी शुगर पाहतात, एचबीएवनसीवर विसंबत नाहीत. यातलं काहीही तुम्हाला लागू असेल तर रक्त देतानाच सांगा. आम्ही नोंद करतो, डॉक्टर दुसरी तपासणी निवडतात.

आजीचीही तीच, ग्लुकोजच्या पाण्याची तपासणी झाली. उपाशीपोटी १०८, दोन तासांनी १५२. दोन तासांनंतर २०० आणि वर असेल तर मधुमेह. ती उंबरठ्यावर होती, आत गेलेली नव्हती. डॉक्टरांनी आधी रक्त का कमी झालं याचा शोध घेतला, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि एचबीएवनसी लगेच पुन्हा करू नका म्हणून बजावलं. कारण गोळ्या लागू पडल्या की रक्तात कोवळ्या पेशींचा लोंढा येतो आणि काही आठवडे आकडा उगाच खाली दिसतो. भात चालू करा, मात्र वाटीने मोजून, असंही सांगितलं.

चार महिन्यांनी आजी पुन्हा आली, या वेळी बसस्टँडपासून चालत. हिमोग्लोबिन ११.६, एचबीएवनसी ६.१. कागद मी तिच्या हातात दिला तर तिने तो परत माझ्यापुढे सरकवला आणि उलटा केला. ‘इथे मराठीत लिही’ म्हणाली. मी तारीख घातली आणि लिहिलं: रक्त अकरा पूर्णांक सहा. तीन महिन्यांची शुगर सहा पूर्णांक एक. पुढची तपासणी सहा महिन्यांनी, दोन्ही एकत्र. तिने एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं, ‘दोन्ही एकत्र’ पुन्हा एकदा वाचलं, आणि कागदाची घडी करून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली.